टाकीपर्यंत चढायचं कसं? अन्नकारखान्यातल्या स्टील प्लॅटफॉर्मची गोष्ट

पॉडकास्टच्या आयर्लंडवरच्या भागात दूध, गवत आणि सहकारी डेअऱ्या यांवर भरपूर बोलणं झालं. एका गोष्टीला मात्र वेळ पुरला नाही, ती इथे सविस्तर मांडायची आहे. विषय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल: मोठ्या टाकीच्या किंवा यंत्राच्या वरच्या भागापर्यंत पोचण्यासाठी जो जिना आणि जी माची बांधतात, तिची रचना. कारखान्यात तिला सगळे ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

टाकीवर जगभर संशोधन होतं. पंप, व्हॉल्व्ह, पाश्चरायझर यांचे तपशीलवार आराखडे येतात. प्लॅटफॉर्म मात्र पुष्कळदा सगळ्यात शेवटी, जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याला फोन करून बनवला जातो. ‘चार पाय, वर पत्रा, बाजूला रेलिंग.’ आणि पुढची वीस वर्षं रोज कुणीतरी त्यावर चढतं. ऑपरेटर झाकण उघडून विरजण किंवा रेनेट घालतो, नमुना काढतो; फिटर सेन्सर बदलतो; रात्रपाळीची सफाई करणारी मंडळी फेस मारून सगळं धुतात.

या प्लॅटफॉर्मकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. वर उभा राहिलेला माणूस खाली पडता कामा नये. आणि त्या माणसाच्या बुटाखालचं काही अन्नात पडता कामा नये. दोन्ही मागण्या साध्या आहेत, पण एकीची सोय ही कितीदा तरी दुसरीची गैरसोय असते. प्लॅटफॉर्मचं सगळं शास्त्र या ओढाताणीत आहे.

आयर्लंडच का?

आयर्लंडमधली पहिली सहकारी क्रीमरी १८८९ मध्ये लिमरिक काउंटीतल्या ड्रमकॉलहर इथे सुरू झाली. आज हा देश वर्षाला आठ अब्ज लिटरांहून अधिक दूध प्रक्रियेसाठी गोळा करतो आणि त्यातून बनलेलं लोणी, चीज, दूध पावडर, बाळांचं दूध यांतलं बहुतेक सगळं निर्यात करतो. युरोपीय संघाचा दूध कोटा ३१ मार्च २०१५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे कारखाने वाढले, नवे उभे राहिले. किलकेनी काउंटीतल्या बेलव्ह्यूचा मोठा पावडर कारखाना त्याच वर्षीचा.

इथली दुसरी खासियत म्हणजे हंगाम. आयरिश गाई प्रामुख्याने चरून वाढतात. वसंतात बहुतेक गाई एकदम वितात, मे महिन्याच्या सुमारास दूध शिगेला पोचतं आणि डिसेंबर-जानेवारीत अगदी थोडं उरतं. आपल्याकडच्या साखर कारखान्यासारखंच समजा. हंगामात यंत्रं अहोरात्र चालतात, सफाईला मोजके तास मिळतात. आणि हिवाळ्यात कारखाना उघडून दुरुस्त्या होतात, नवी यंत्रं बसतात, जुन्या प्लॅटफॉर्मला नवे तुकडे जोडले जातात. म्हणून मे महिन्यात जो प्लॅटफॉर्म झटपट आणि पूर्ण धुता येत नाही, तो अख्खा हंगाम अर्धवटच धुतला जातो.

खरा धोका कुठे लपतो

तुम्ही विचाराल, दूध तर पाश्चराइज होतं ना? ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवलं की रोगजंतू मरतात. बरोबर. पण दूध तापवल्यानंतरच चीजच्या व्हॅटमध्ये पडतं, दही लागतं, काप होतात, पाकिटं भरली जातात. तिथून पुढे जंतू आले तर ते बाहेरून येतात: जमिनीवरून, गटारातून, छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातून, बुटांवरून. आणि त्यांना मारणारी पायरी पुढे उरलेली नसते.

यातला सगळ्यात चिवट गडी लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस. फ्रिजच्या तापमानालाही तो सावकाश वाढतो, ओल्या कोपऱ्यात स्वतःभोवती चिकट थर बांधतो आणि एकदा बस्तान बसलं की साध्या धुण्याला दाद देत नाही. गरोदर स्त्रिया, नवजात बाळं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांना तो जीवघेणा ठरू शकतो. कॅनडात २००८ मध्ये मांसाच्या कापांमधून पसरलेल्या साथीत वीसहून अधिक माणसं गेली. जंतू स्लायसर यंत्रांच्या आत, नेहमीच्या सफाईत हात न पोचणाऱ्या जागी दडल्याचं तपासात पुढे आलं. आयर्लंडमध्येही जुलै २०२५ मध्ये लिस्टेरियामुळे दोनशेहून अधिक तयार जेवणांचे प्रकार बाजारातून परत मागवावे लागले आणि त्या साथीत एका रुग्णाचा मृत्यू झाला. या दोन्ही ठिकाणी प्लॅटफॉर्म दोषी होता असं इथे सुचवायचं नाही. मुद्दा एवढाच की दडायला जागा मिळाली की काय होऊ शकतं, हे यातून कळतं.

कॉर्क काउंटीत फर्मॉयजवळ मूरपार्क इथे ‘चॅगस्क’ या सरकारी कृषी संशोधन संस्थेचं अन्न संशोधन केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी २०१३ पासून देशभरातल्या अन्न उद्योगांमधून पदार्थांचे आणि कारखान्याच्या परिसराचे नमुने नियमित मागवून लिस्टेरिया शोधला. काही ठिकाणी त्याची एकच जातकुळी महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा सापडली. म्हणजे जंतू दर वेळी बाहेरून नव्याने येत नव्हता, तो तिथे मुक्कामाला होता.

मुक्कामाची जागा कशी असते, हे समजायला घरचा डबा घ्या. स्टीलच्या डब्याच्या झाकणाची कड दुमडलेली असते, त्या दुमडीत पाणी राहतं. कढईचा कान रिव्हेटने बसवलेला असतो, त्याच्या भोवती काळा चिकट थर जमतो. कुकरच्या रबराखालची खाच तर विचारूच नका. पातेल्याचा गुळगुळीत तळ दोन मिनिटांत लखलखतो; त्रास देतात त्या फक्त फटी, दुमडी आणि सांधे. प्लॅटफॉर्ममध्ये अशा शेकडो जागा सहज तयार होतात, फरक इतकाच की त्या डोळ्यांच्या पातळीवर नसतात.

दोन नियमावल्या, एक प्लॅटफॉर्म

आयर्लंडमध्ये माणसाच्या सुरक्षेचं काम ‘हेल्थ अँड सेफ्टी ऑथॉरिटी’कडे आहे. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचे २००७ चे सर्वसाधारण नियम उंचीवरच्या कामाबद्दल एक क्रम सांगतात: आधी उंचीवर जाणं टाळता येतं का पाहा, नसेल तर पडणं रोखा, तेही जमत नसेल तर पडल्यावर होणारी इजा कमी करा. मापं मिळतात ती ‘आयएसओ १४१२२’ या यंत्रांवर चढण्याच्या कायमस्वरूपी साधनांच्या मानकात. त्यातली काही लक्षात ठेवण्यासारखी:

- अर्ध्या मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडण्याचा धोका असेल तर कठडा हवा, आणि तो किमान १,१०० मिलिमीटर उंच.
- कठड्याच्या आडव्या दांड्यांमधली मोकळी जागा ५०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको.
- कडेला किमान १०० मिलिमीटर उंचीची उभी पट्टी, म्हणजे टो-प्लेट. म्हणजे पाना पायाने ढकलला जाऊन खालच्या माणसाच्या डोक्यात पडणार नाही.
- चालायची रुंदी शक्यतो ८०० मिलिमीटर, अडचण असेल तर ६००.
- दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, भार पेलला पाहिजे. आणि त्या भाराखाली वाक हा लांबीच्या दोनशेव्या भागापेक्षा जास्त नको.
- खाली माणसं काम करत असतील तर फरशीच्या भोकांतून २० मिलिमीटर व्यासाचा गोळा पडता कामा नये.

अन्नाच्या बाजूने मुख्य कायदा युरोपीय संघाचा ८५२/२००४. आयर्लंडमध्ये त्यावर ‘फूड सेफ्टी ऑथॉरिटी’ची देखरेख असते, आणि दूध-मांसाच्या मोठ्या कारखान्यांत प्रत्यक्ष तपासणीला कृषी खात्याची माणसं येतात. हा कायदा मिलिमीटरमध्ये बोलत नाही. तो म्हणतो की पृष्ठभाग धुता आणि गरज पडल्यास निर्जंतुक करता आले पाहिजेत, आणि डोक्यावरच्या बांधणीवर घाण साचू नये, बाष्प कमी जमावं, बुरशी वाढू नये, कण गळू नयेत. म्हणजे काय करायचं, हे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘युरोपियन हायजिनिक इंजिनिअरिंग अँड डिझाइन ग्रुप’च्या, म्हणजे ‘ईएचईडीजी’च्या मार्गदर्शिकांमध्ये सापडतं.

दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी बरोबर असतात. मात्र एक तपासनीस पडणाऱ्या माणसाकडे बघतो आणि दुसरा पडणाऱ्या थेंबाकडे. दोघांना एकाच लोखंडात समाधानी करणं हे रचनाकाराचं काम.

पहिला प्रश्न: प्लॅटफॉर्म हवाच का?

सगळ्यात स्वच्छ प्लॅटफॉर्म म्हणजे न बांधलेला. नमुना काढायचा नळ खाली आणता येईल का? पातळी बघायला चढण्याऐवजी सेन्सर लावता येईल का? पावडरीची पोती वर नेऊन ओतण्यापेक्षा खालून निर्वात दाबाने खेचता येईल का? इथे दोन्ही नियमावल्यांचं एकमत आहे: माणूस वर गेला नाही तर तो पडत नाही, आणि त्याच्या बुटांची घाणही वर जात नाही.

चढावंच लागत असेल तर दुसरा प्रश्न: उघड्या अन्नाच्या वरून जाणारी वाट टाळता येते का? उघडा व्हॅट, उघडा पट्टा, झाकण न लावलेल्या बाटल्या यांच्या डोक्यावरून चालायची वाट कधीही काढू नये. माणसाने कडेने यावं आणि हात लांब करून काम करावं. जागाच नसेल, तर वरची फरशी पूर्ण बंद, कडा उभ्या आणि खाली ठिबकायला एकही भोक नाही, अशी हवी.

जिथे दोन मागण्या भांडतात

*पायाखालचा पत्रा.* घसरू नये म्हणून सुरक्षेच्या माणसाला जाळीची फरशी आवडते. पाणी पटकन निथळतं, पाय पकडून राहतो. पण एका चौरस मीटर जाळीत शेकडो सांधे असतात आणि वरची घाण थेट खाली जाते. स्वच्छतेच्या माणसाला सलग गुळगुळीत पत्रा हवा असतो. त्यावर पाणी आणि साय सांडली की कुणाचाही पाय सटकेल. मधला मार्ग असा: उघडं अन्न असलेल्या भागात सलग पत्रा, पण त्यावर दाबून उठवलेले गोलसर उंचवटे, ज्यांच्या मुळाशी धारदार कोपरा नाही. पाणी वाहून जाईल असा उतार द्यायचा आणि ते एका ठरलेल्या जागेतून खाली गटारापर्यंत न्यायचं. जिथे खाली फक्त पाइप किंवा जमीन आहे, तिथे जाळी चालते, पण ती उचलून धुता यायला हवी. चिकटवायच्या खरखरीत पट्ट्या मात्र कुठेच नकोत. त्यांची कड सुटते आणि खाली ओल कायमची राहते.

*उतार आणि वाक.* हे गणित नेहमी निसटतं. समजा पत्र्याचा गाळा ३ मीटर लांब आहे आणि तुम्ही मीटरला १ सेंटीमीटर उतार दिलात, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ३ सेंटीमीटर. मानकाप्रमाणे पूर्ण भाराखाली मध्यभागी ३,००० भागिले २००, म्हणजे १५ मिलिमीटर वाक चालतो. सारखा पसरलेला भार असेल तर एवढा वाकलेला गाळा टोकापाशी मीटरला साधारण १.६ सेंटीमीटर कलतो. खालच्या टोकाला हा कल तुमच्या उताराच्या उलट्या दिशेला असतो. म्हणजे उतार संपून उलटा चढ तयार होतो आणि पाणी अलीकडेच साचतं. पूर्ण भार क्वचितच येतो हे खरं, पण वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्यात आलेली खोलगट जागा कायमची असते, आणि परिणाम तोच. त्यामुळे मजबुतीला जितका कडकपणा पुरतो, त्याहून जास्त स्वच्छतेला लागतो. टेकू जवळ घ्या, किंवा उतार वाढवा. यंत्रांच्या आडव्या पृष्ठभागांना ३ अंश, म्हणजे मीटरला ५ सेंटीमीटर, उतार सुचवला जातो. रोज पाय ठेवायच्या जागेला तो अवघड वाटतो, म्हणून इथे कडकपणावरच भर द्यावा लागतो.

*टो-प्लेट.* वेगळी पट्टी कापून पत्र्याच्या कडेला चार ठिकाणी टाके मारले की सुरक्षेचा नियम पुरा होतो. आणि पट्टी व पत्रा यांच्या मधल्या बारीक फटीत लिस्टेरियाचीही सोय होते. त्यापेक्षा पत्र्याची कडच गोलाई देऊन वर वाकवा. एकच तुकडा, सांधा नाही, कोपऱ्यात ब्रश फिरतो. कोपऱ्याची गोलाई किमान ३ मिलिमीटर, शक्य तर ६ किंवा जास्त.

*जिना.* उघड्या पायऱ्यांमधून बुटाची माती खाली गळते, म्हणून उत्पादनाजवळ पायऱ्यांची पाठ बंद करतात. चढ सोपा राहावा म्हणून पायरीच्या खोलीत उंचीची दुप्पट मिळवली तर बेरीज ६०० ते ६६० मिलिमीटर यावी. १८० उंची आणि २८० खोली घेतली तर ६४० येतात. पाय आपोआप पडतो. सरळ उभी शिडी जागा वाचवते, पण एका हातात नमुन्याची बाटली घेऊन शिडी चढणारा माणूस म्हणजे अपघाताला आमंत्रण. रोज चढायचं असेल तर जिनाच हवा.

सांगाडा: एक तर पूर्ण बंद, नाही तर पूर्ण उघडं

बाकी तपशील एका नियमात बसतात. कोणतीही फट एक तर सलग वेल्डिंगने पूर्ण बंद करा, नाही तर हात आणि ब्रश आत जाईल एवढी मोकळी ठेवा. मधली अवस्था ठेवू नका.

चौकोनी पाइप आडवा ठेवला तर त्याच्या सपाट पाठीवर पाणी आणि फेस बसतो. तोच पाइप ४५ अंशात फिरवून कोपरा वर केला की काही बसत नाही. गोल पाइप कठड्याला उत्तम. चॅनल आणि अँगल वापरायचे तर त्यांचं तोंड खाली किंवा बाजूला हवं. वर तोंड केलेला चॅनल म्हणजे पन्हळच. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून बोल्टने आवळू नका, त्यांच्यामध्ये ओल शिरते आणि बाहेर येत नाही. बोल्ट टाळताच येत नसेल तर जोड उत्पादनापासून दूर न्या, घुमटी नट वापरा, उघडे आटे ठेवू नका. स्क्रूने आवळायचे तयार पाइप-क्लॅम्प दिसायला सोयीचे असतात, पण त्यांच्या आत काय साठलंय ते कुणालाच दिसत नाही.

पोकळ पाइपची टोकं झाकण लावून पूर्ण वेल्ड करावी लागतात. अशा पाइपला नंतर कुणी केबलची क्लिप लावायला एक भोक पाडलं की धुण्याचं पाणी आत जातं, महिनोन्‌महिने राहतं आणि यंत्राच्या कंपनाने थेंबथेंब बाहेर पडतं. म्हणून केबल, हवेच्या नळ्या, दिवे यांसाठी लागणारे आधार आधीच ठरवून वेल्ड करून ठेवायचे. पुढे काय काय टांगावं लागेल याचा अंदाज रचना करताना घेतला, तर पुढची ड्रिल मशीन बाहेर येत नाही.

पायांकडे विशेष लक्ष द्या. जमिनीला टेकलेली बेस प्लेट आणि तिचे चार बोल्ट ही कारखान्यातली सर्वांत घाण जागा होऊ शकते, कारण धुण्याचं सगळं पाणी तिथूनच जातं. पाय जितके कमी तितकं बरं. शक्य असेल तिथे भिंतीवरून आधार घ्या. जमिनीवर टेकायचंच असेल तर पायाभोवती काँक्रीटचा उतरता चौथरा करून कडा सील करा. सरकत्या, चाकांच्या शिड्यांची चाकं एका विभागातली घाण दुसऱ्यात नेतात. त्यांना विभाग नेमून द्या.

कोणतं स्टील?

स्टेनलेस स्टील गंजत नाही याचं कारण त्यातलं क्रोमियम. किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर बनतो, आणि ओरखडा आला तरी तो पुन्हा जुळतो. अन्नकारखान्यात दोन प्रकार नेहमीचे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्यावर सुमारे २ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि ते क्लोराइडशी जास्त चांगलं लढतं. चीजचं मिठाचं पाणी, क्लोरीनयुक्त जंतुनाशकं, डोनेगलमधल्या किलीबेग्ससारख्या बंदरातलं मासळीचं काम, अशा ठिकाणी ३०४ वर बारीक खड्डे पडतात. खड्डा म्हणजे पुन्हा लपायची जागा. कोरड्या, मिठापासून दूरच्या भागात मात्र ३०४ पुरतं. सगळीकडे महागडं ३१६ लावून पैसे संपवण्यापेक्षा ते सलग वेल्डिंगवर खर्च करा.

वेल्डिंग करताना तापलेल्या भागात क्रोमियम कार्बनबरोबर अडकून पडतं आणि संरक्षक थर दुबळा होतो. म्हणून कमी कार्बनचे, ‘एल’ अक्षराचे प्रकार घेतात. वेल्डभोवती दिसणारी निळी-तपकिरी छटा नुसती दिसायला वाईट असते असं नाही. तिथे गंज आधी धरतो. ती आम्लाच्या लेपाने काढून, धुऊन, थर पुन्हा जमू द्यावा लागतो. आणि ज्या ग्राइंडरच्या चकतीने काल साधं लोखंड घासलं, तीच आज स्टेनलेसवर फिरवली तर लोखंडाचे कण रुतून बसतात आणि दोन महिन्यांत तांबूस ठिपके उमटतात. स्टेनलेसची हत्यारं वेगळी ठेवणारा फॅब्रिकेशनवाला निवडणं हाही रचनेचाच भाग आहे.

पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा? अन्नाला लागणाऱ्या स्टीलसाठी ०.८ मायक्रॉन सरासरी खडबडीतपणा ही सर्वमान्य मर्यादा आहे. प्लॅटफॉर्मला अन्न लागत नाही, तेव्हा तिथे ती सक्ती नाही. पण टाकीच्या तोंडाजवळच्या भागाला तोच दर्जा ठेवलेला बरा.

पावडरीच्या बाजूला सगळं उलटं

आतापर्यंत आपण ओल्या विभागाबद्दल बोललो. दूध पावडर आणि बाळांच्या दुधाच्या कारखान्यात, ड्रायरच्या पुढे, पाणी हाच शत्रू असतो. तिथले काळजीचे जंतू म्हणजे साल्मोनेला आणि क्रोनोबॅक्टर. कोरड्या पावडरीत ते वाढत नाहीत, पण तग धरून राहतात. कुठेतरी दोन थेंब पाणी मिळालं की वाढतात. म्हणून तिथे धूत नाहीत, निर्वात यंत्राने पावडर ओढून घेतात आणि पुसतात. निथळण्यापेक्षा धूळ न साचणं महत्त्वाचं. प्रत्येक आडवी कड म्हणजे पावडरीचं शेल्फ. शिवाय दूध पावडरची धूळ ज्वलनशील असते. उंच कडांवर साठलेला थर एका छोट्या स्फोटाने हवेत उडाला तर दुसरा, मोठा स्फोट होतो. इथे माणसाची सुरक्षा आणि अन्नाची सुरक्षा दोघी एकाच बाजूला उभ्या राहतात: आडव्या कडा कमी करा.

फ्रान्समधल्या क्राँ इथल्या कारखान्याची गोष्ट या बाबतीत विसरू नये अशी आहे. २०१७ च्या अखेरीस तिथल्या बाळांच्या दुधातून साल्मोनेला आगोनाची साथ आली. ८३ देशांतून १ कोटी २० लाखांहून अधिक डबे परत मागवले गेले. पाश्चर संस्थेच्या तपासणीत जंतूची जातकुळी तीच निघाली, जी २००५ मध्ये त्याच कारखान्यातून आलेल्या साथीत होती. बारा वर्षं तो तिथेच होता. कंपनीने वर्षाच्या पूर्वार्धात झालेल्या इमारतीतल्या कामांकडे बोट दाखवलं. आयर्लंडमध्ये हिवाळी दुरुस्तीच्या काळात नेमकी अशीच तोडफोड चालते. जुना प्लॅटफॉर्म कापताना पोकळ पाइपमध्ये वर्षानुवर्षं बंद असलेलं काय बाहेर पडेल, हे कापणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून भाग वेगळा करून, झाकून, कापल्यानंतर नमुने घेऊन, ते स्वच्छ आल्यावरच उत्पादन सुरू करायचं असतं.

तुमच्यासमोर प्लॅटफॉर्म आला तर

तुम्ही कॉर्कमध्ये प्रॉडक्शन इंजिनिअर असाल, किंवा कोल्हापूर-सांगलीकडे डेअरीत काम करत असाल, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच लागू पडतात. आपल्याकडेही अन्न परवान्याच्या २०११ च्या नियमांतलं परिशिष्ट ४ स्वच्छ, धुता येण्याजोग्या बांधणीची अपेक्षा करतंच. साखर कारखान्यातला चेकर प्लेटचा जिना तसाच्या तसा दुधाच्या टाकीवर नेऊन ठेवण्याआधी हे तपासा.

आराखडा हातात आला की आधी विचारा: यावर कोण, दिवसातून कितीदा, हातात काय घेऊन चढणार? मग खालून बघा. बहुतेक आराखडे वरून काढलेले असतात आणि घाण खालच्या अंगाला साचते. गार स्टीलवर वाफ जमून थेंबही तिथूनच पडतो. प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा: बंद आहे की उघडा? एक बादली पाणी ओतलं तर ते कुठून जाईल? पुढच्या वर्षी नवी केबल आली तर ती कुठे बांधणार? आणि शेवटी, जी व्यक्ती रात्री दोन वाजता हे धुणार आहे तिला आराखडा दाखवा. तिचा हात कुठे पोचणार नाही हे ती तुम्हाला पाच मिनिटांत सांगेल. तोपर्यंत स्टील कापलेलं नसतं, बदल पेन्सिलीने होतो.